डोळ्यांना सपाट, पायांना चढ

सचिन म्हटलं की आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हातात बॅट असल्यासारखं उभं राहतं. पण सचिन हे एका गावाचंही नाव आहे, आणि तेंडुलकरांच्या घरी पाळणा हलला त्याच्या कितीतरी आधीपासून ते रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आहे. सुरतेहून मुंबईकडे निघालं की उधना, मग भेस्तान आणि मग सचिन. माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आमच्या अक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीत मोठी गंमत झाली होती. "थोरलीला कुठं दिली?" म्हणून कुणी विचारलं की आमची आई सांगायची, "सचिनला." ऐकणारा म्हणायचा, "ते कळलं हो, पण गाव कुठलं?"

सुरत म्हटल्यावर आपल्याला शाळेच्या पुस्तकातली लूट आठवते. पण या सचिनचा धागा थेट आपल्या कोकणाशी जुळलेला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीवरून वाद झाला. त्यातल्या एका वारसाने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात १७९१ मध्ये सुरतेजवळचा हा मुलूख त्याला मिळाला. त्या व्यवहारात पेशव्यांचाही हात होता. अशी ही चिमुकली नबाबी १९४८ पर्यंत टिकली. आज नबाबीचं फारसं काही डोळ्यांत भरत नाही. भरतात त्या औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या, कापडाच्या गिरण्या, रंगाईची प्रोसेस हाउसं आणि पाळी सुटली की रस्ताभर होणारी सायकलींची गर्दी. २०२० मध्ये सचिन सुरत महापालिकेत गेलं. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिन या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी माणसं इतकी आहेत की किराणा दुकानात मराठीत बोललं तरी कुणी वळून बघत नाही.

आमचे दाजी मूळचे इचलकरंजीचे. यंत्रमागावरचे जॉबर. माग बिघडला की तो नीट करायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षांपूर्वी सुरतेत जास्त पगार मिळतो म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गुजराती शाळेत शिकला, केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाला आणि आता एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये कापडाच्या रंगाची छटा जुळवतो. घरात तो आईशी मराठी, बापाशी मराठी, मित्रांशी गुजराती आणि कामावर हिंदी बोलतो. आमची आई गोकाककडची, घरात कन्नड बोलणारी, त्यामुळे अक्का रागावली की आजही कन्नडवर येते. तेवढं कन्नड भाच्याला चांगलं कळतं.

या मुलाने दोन वर्षांपूर्वी ट्रायथलॉनचं वेड घेतलं. हा शब्द अजून आपल्या घराघरांत रुळलेला नाही, म्हणून दोन ओळी सांगतो. पोहणं, सायकल आणि धावणं ही तिन्ही एकामागून एक, मध्ये घड्याळ न थांबवता करायची, ही ती स्पर्धा. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोला ती पहिल्यांदा या नावाने झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पंधरा जणांनी मिळून तिचं अजस्र रूप करून पाहिलं, तेच 'आयर्नमॅन'. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन! सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून ट्रायथलॉनची छोटी शर्यत ऑलिंपिकमध्येही आली. आपल्या शेजारी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, २०१९ मध्ये आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची स्पर्धा पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. भाच्याचा डोळा या गोव्याच्या स्पर्धेवर आहे.

२०२५ च्या नाताळच्या सुट्टीत मी सचिनला गेलो. पोचल्याच्या रात्री अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "तू प्राध्यापक आहेस. तुझं ऐकेल तो. सांग की त्याला जरा. रविवारी सापुताऱ्याचा घाट सायकलनं चढणार म्हणतोय." तिच्या काळजीला कारण होतं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सापुतारा घाटात भाविकांची बस दरीत कोसळली होती आणि पाच जणांचा जीव गेला होता. ते चित्र टीव्हीवर तिने पाहिलं होतं. शिवाय पोराचं लग्नाचं वय, स्पर्धेची फी हजारोंच्या घरात आणि रोज पहाटे चारला उठून हे उद्योग. दाजींचं म्हणणं वेगळंच होतं. "मी तीस वर्षं बारा-बारा तास पायावर उभा राहिलो ते पोटासाठी. यानं पाय दमवायला पैसे भरायचे?" हा प्रश्न सहज उडवून लावण्यासारखा नव्हता.

भाच्याला मी एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "मामा, बावीसच्या जानेवारीत इथं गॅस झाला ना, तेव्हा मी नाइटला होतो." ती घटना वाचकांना आठवत असेल. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं, विषारी वायू पसरला आणि सहा कामगार दगावले. भाच्याची गिरणी तिथून लांब होती, त्याला काही झालं नाही. पण तो म्हणाला, "श्वास घेता येतो ही काय चीज आहे, ते त्या दिवशी कळलं. मग पोहायला लागलो." महापालिकेच्या तलावात सुरुवात झाली, मग जुनी रेसिंगची सायकल कुणाकडून तरी विकत घेतली, मग धावणं आलं.

यावर मी काय बोलणार? शेवटी तोड अशी निघाली की दाजींनी शेजाऱ्याची ईको गाडी चालवत मागून यायचं, मी गाडीत बसायचं आणि वघईपासून पुढे घाटात मीही सायकलवर भाच्यासोबत राहायचं. मी बेळगावात कॉलेजला सायकलनेच जातो, रविवारी राजहंसगड करतो, वर्षातून एखादेवेळी आंबोलीला जातो. तेवढ्या जोरावर अक्काने मला 'जाणकार' ठरवून टाकलं.

सुरतेच्या सायकलवाल्यांची खरी अडचण आपल्याकडच्या माणसाला पटकन समजत नाही. आपल्याला घाट शोधावा लागत नाही. चोर्ला, आंबोली, तिलारी, कुठूनही खाली कोकणात उतरा, येताना चढ ठेवलेलाच. सुरत मात्र तापीच्या मुखाजवळचं गाव, समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर उंच. जमीन पोळपाटासारखी. तिथली मुलं चढाचा सराव उड्डाणपुलांवर करतात. एकच पूल दहा वेळा चढायचा आणि दहा वेळा उतरायचा! पण पुलाचा चढ दोन मिनिटांत संपतो. एक-दीड तास न संपणाऱ्या चढावर मन आणि मांड्या काय करतात, हे बघायला घाटच लागतो. म्हणून सपाटीवरच्या स्पर्धेसाठीही हे लोक घाट शोधत जातात. चढावर पेडल सोडून आराम करण्याची सोय नसते. एक तास चढणं म्हणजे एक तास सलग काम, आणि असं काम पायांत मुरलं की सपाटीवरचे ९० किलोमीटर हलके वाटतात.

पहाटे साडेचारला निघालो. थंडी चांगलीच होती. सचिन ते नवसारी वीसेक किलोमीटर. पूर्णा नदी ओलांडली की नवसारी, जमशेटजी टाटांचं जन्मगाव आणि एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्याचा भाग. तिथून हायवेने चिखली. ट्रकांच्या रांगेत भाच्याच्या सायकलीचा लाल दिवा लुकलुकत होता आणि दाजी ईको त्याच्या मागे, ना फार जवळ ना फार दूर, अशी धरून होते. तोंडाने मात्र, "काय मिळतंय यातनं?" चाललेलंच.

चिखलीला हायवे सोडून पूर्वेकडे वळलो आणि उजाडलं. वांसदा तिथून तीसेक किलोमीटर. ऊस, आंब्याच्या बागा, भाताची कापलेली शेतं. गाडीत बसलेल्या मला रस्ता पूर्ण सपाट दिसत होता. पण भाच्याचा वेग हायवेवर तीसच्या आसपास होता तो इथे सव्वीसवर आला होता. वांसद्याला चहासाठी थांबलो तेव्हा मी विचारलं, "दमलास काय?" तो हसला. "नाही मामा, चढ चालू झालाय. चिखलीपासूनच." मी वळून मागचा रस्ता बघितला. चढाचा मागमूस नव्हता. सायकलवाल्यांना हा फसवा रस्ता चांगला ठाऊक असतो, डोळ्यांना सपाट आणि पायांना चढ. नवखा गडी इथेच चुकतो. वेग का कमी झाला म्हणून जोर लावतो आणि खऱ्या घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत शिल्लक संपवून बसतो.

या शिल्लकीचा हिशेब भाच्याने मला शिकवला. माणूस, सायकल, पाणी मिळून पंचाहत्तर किलो धरा. सापुतारा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. तेवढं ओझं तेवढ्या उंचीवर न्यायला जी शक्ती लागते तिच्या चौपट शरीराला खर्चावी लागते, कारण अन्नातली जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे नुसत्या उंचीसाठीच सहाशे-सातशे कॅलरी, चार भाकऱ्यांचा ऐवज. दीडशे किलोमीटर अंतर कापायचं ते वेगळंच. शरीरात साठवलेली साखर सगळी मिळून दीड-दोन हजार कॅलरींच्या पुढे जात नाही. म्हणून भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला काहीतरी खायचं. अक्काने दिलेल्या दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी, खजूर. नाही नाही म्हणत पहाटे तीनला उठून दशम्या लाटणारी आई पाठीशी असल्यावर विकतच्या जेलची पाकिटं हवीत कशाला?

वघई हे डांग जिल्ह्याचं दार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डांगच्या जंगलातलं सागवान बाहेर काढायला गायकवाडांनी बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे घातली. तिचे अरुंद रूळ वघईला संपतात, पुढे डोंगर. मी इथे सायकलवर बसलो. सापुतारा अजून पन्नासेक किलोमीटर.

आणि मग एक गोष्ट माझ्या कानांना जाणवू लागली. सचिनपासून नवसारीपर्यंत गुजराती शहरी होती. चिखली-वांसद्याला ती जरा जाडीभरडी झाली. वघईच्या पुढे रस्त्याकडेला बसलेल्या बायकांचं बोलणं ऐकलं तर क्रियापद गुजराती वळणाचं, पण मधले शब्द आपले. आणखी दहा किलोमीटर गेलो तर मला निम्म्याहून जास्त कळायला लागलं. ही डांगी. इथल्या कोकणा समाजाचे पूर्वज कोकणातून आले म्हणून त्यांना हे नाव पडलं, असं सांगतात. भिल्ल आणि वारलीही इथे आहेत. या बोलीवरून १९४९ पासून मोठा वाद झाला. डांगी गुजरातीची म्हणायची की मराठीची, यावर पुढारी भांडले, पंडित भांडले. १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. सीमाभागातल्या वाचकाला यापुढचं सांगायला नको.

पण ताशी बारा किलोमीटरने चाललेल्या सायकलवरून ऐकलं तर जाणवतं की भाषा पाटीपाशी बदलत नाही. ती चिखलीच्या रस्त्यासारखी आधीच चढू लागलेली असते, फक्त गाडीत बसलेल्याला ते कळत नाही. आपल्याकडे निपाणीहून चिकोडीकडे आणि तिथून गोकाककडे जाताना काय होतं? मराठीत कन्नड कुठल्या मैलाच्या दगडाला मिसळली, ते कुणी सांगू शकेल का? एका टपरीवर थांबलो. मालकीणबाईंनी काळसर भाकरी आणि उडदाची डाळ पुढे ठेवली. भाच्याने विचारल्यावर म्हणाल्या, "नागली." मी घास मोडला आणि ओळख पटली. ही तर नाचणी! आमच्या आईची रागी. तीन नावं, एकच दाणा. आजोळी खाल्लेल्या मुद्द्याची चव मला डांगच्या जंगलात भेटली.

पुढे साग दाट झाला. पानं वाळून करडी पडलेली, खाली पाचोळा. रस्ता वर-खाली होत होता. अंबिकेचं पात्र कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसायचं. शामगव्हाण मागे पडलं आणि शेवटचे नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे खरा घाट, समोर उभा राहिला. सह्याद्रीची ती भिंत बघून मला इतिहासातली आठवण झाली. १६७० मध्ये महाराज सुरतेहून दुसऱ्यांदा परतले ते बागलाणमार्गे, आणि पुढे दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली. लादलेली घोडी घेऊन हा सह्याद्री चढायचा, वर शत्रू वाट बघत असणार हे ठाऊक असताना! आमच्यापुढे तर फक्त डांबरी रस्ता होता आणि मागे दाजींची ईको.

घाटात पहिली दोन वळणं भाचा माझ्या पुढे होता. मग त्याने हलका गिअर टाकला आणि मला ऐकू आलं, कट-कट, कट-कट. चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर नीट बसत नव्हती, मधूनच उडत होती. मी काही बोलण्याआधी मागून हॉर्न वाजला. दाजी गाडी कडेला लावून खाली उतरले होते. "थांब रे. दात सोडतीया ती." खिडकी उघडी ठेवून, इंजिनाच्या आवाजातून त्यांनी ते ऐकलं होतं. ज्या माणसाने तीस वर्षं शंभर मागांच्या खडखडाटातून एका मागाचा बिघाड ओळखला, त्याला हे काय अवघड?

त्यांनी कधीच गिअरची सायकल हाताळली नव्हती. खाली बसले. "पेडल फिरव." भाच्याने मागचं चाक उचलून फिरवलं. दाजींनी तार कुठून येते, कुठे जाते ते बोटाने चाचपलं. तारेच्या टोकाशी एक बारीक नळीसारखा स्क्रू असतो. तो त्यांनी पाव फेरा फिरवला. "आता?" कट-कट कमी झालं. आणखी थोडासा. आवाज बंद. चेन तेलात बुडाल्यासारखी सुळकन चढली. दाजी हात पुसत म्हणाले, "तार सैल पडली हुती. मागाचं बी असंच असतंय. मोठं काय नसतंय, पाव फेऱ्याचं असतंय." मग सायकलकडे बघत, जरा थांबून, "चांगलं केलंय पण हे मशिन." महिनाभरात त्या सायकलीबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द, असं भाच्याने मला नंतर सांगितलं.

पुन्हा चढू लागलो. भाच्याच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा होता आणि हँडलवर त्याचा आकडा दिसत होता. त्याने स्वतःला १४५ ची मर्यादा घालून घेतली होती. ताशी आठ किलोमीटर, कधी सात. एक दुधाचे कॅन घेतलेला मोटारसायकलवाला आमच्या शेजारून जाताना खुशाल बोलत राहिला. माकडं कठड्यावरून बघत होती. माझा श्वास भात्यासारखा चालला होता, तरी त्या वेगात बरंच काही दिसतं. कुठल्या वळणावर सावली आहे, कुठे कठडा तुटलाय, कुठून खालचा रस्ता रिबिनीसारखा दिसतो, हे सगळं.

माथा दोनेक किलोमीटर राहिला असेल. एका तीव्र वळणावर भाचा अचानक थांबला, पाय टेकला आणि सायकल कडेला घेतली. माझ्या पोटात गोळा आला. गाडीतून दाजी धावत आले. "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही पप्पा. आकडा १५८ वर गेला. दोन मिनिटं उभा राहतो, खाली येऊ दे." आणि खरंच, पाण्याचे दोन घोट घेऊन, दरीकडे बघत तो शांत उभा राहिला. माथा हाकेच्या अंतरावर, मामा आणि बाप बघतायत, मागून येणाऱ्या गाडीतली पोरं ओरडून चिथावतायत. अशा वेळी पंचविशीतला कुठला मुलगा थांबतो? आकडा १३० वर आला तसा तो पुन्हा बसला. दाजी माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.

अक्काला भीती घाटाची नव्हती. पोराला कुठे थांबायचं ते कळणार नाही, ही तिची भीती होती. आपल्याकडे जिद्दीचं फार कौतुक आहे. पडेपर्यंत पळणाऱ्याच्या गोष्टी आम्ही वर्गात रंगवून सांगतो. पण लांब चढावर टिकतो तो आपला श्वास मोजून खर्च करणारा माणूस. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करण्याची 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली. जवळपास पाच हजार किलोमीटरची ती वाट नुसत्या इरेला पेटून संपत नाही.

सापुताऱ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तळ्यावर पर्यटकांची गर्दी, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या. मी सायकल टेकवून हिरवळीवर आडवा झालो. भाच्याने मात्र बूट बदलले आणि तळ्याभोवती पळायला लागला! ट्रायथलॉनच्या सरावात सायकलनंतर लगेच धावणं असतंच. त्याला ते लोक 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. पाय विटेसारखे होतात म्हणून असेल. पहिली पाच मिनिटं तो नुकतंच चालायला शिकलेल्या मुलासारखा लडबडत होता. मग पाय सुटले. दाजी सायकलीचं हँडल धरून उभे होते आणि तो प्रत्येक फेरीला समोरून गेला की पाण्याची बाटली पुढे करत होते.

सापुताऱ्यापासून थोडं पुढे गेलं की महाराष्ट्राची पाटी लागते. समोर हातगडचा किल्ला, तो नाशिक जिल्ह्यात. आम्ही ईकोने तिथवर जाऊन आलो. पाटीच्या अलीकडे एक आजोबा स्ट्रॉबेरी विकत होते, पलीकडे एक आजीबाई. भाव सारखा आणि बोलणंही सारखंच.

उतरताना सायकली गाडीत टाकल्या. घाटाच्या उतारावर अवजड वाहनं असतात, तिथे सायकलवर वेगाची हौस भागवायची नाही, हा भाच्याचाच नियम. दाजींनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून सावकाश उतरवली. वाटेत अक्काचा फोन आला. मी तिला सांगितलं, "अक्का, पोरगा मध्ये थांबला होता." ती घाबरली. "का? काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही, म्हणूनच सांगतोय. आकडा वाढला तसा आपणहून थांबला. तुझ्या पोराला थांबता येतं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग कन्नडमध्ये तिने पोराला सांगायला सांगितलं, "निधान." मी निरोप पोचवला. भाचा मागच्या सीटवरून झोपेतच म्हणाला, "धीमे धीमे, हां मम्मी."

वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात डांग हिरवागार असतो, पण घाटात धुकं आणि गर्दी दोन्ही दाट. वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा मात्र पाऊस संपता संपता बघावा. आणि शक्य झालं तर निदान शामगव्हाणपासून वरचा घाट पायी किंवा सायकलने चढा. मोटारीतून तो वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि हाती काही लागत नाही.

वांसदा मागे पडलं, अंधार झाला. मला वाटलं दाजी गप्प आहेत म्हणजे दमलेत. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या बेळगावास्नं गोव्याला जाताना तो चोर्ला घाट, त्यो चढ हाय का उतार?"

"जाताना उतार दाजी, येताना चढ."

"गाडी वर चढती न्हवं, मागं सायकल बांधून?"

"चढते की," मी म्हटलं. "सावकाश चढते."